लंडन ते पॅरिस: तिकिटावरचा सव्वा तास आणि प्रत्यक्षातला अर्धा दिवस

युरोपच्या सहलीची आखणी करणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. लंडनहून पॅरिसला जायचंय, अंतर किती आणि विमानाला वेळ किती? एका संकेतस्थळावर ३४४ किलोमीटर दिसतं, दुसरीकडे ४५० च्या वर, तिसरीकडे २१६. वेळेचंही तसंच. कुणी ५० मिनिटं सांगतं, कुणी सव्वा तास, आणि तिकिटावर सकाळी ९ ला निघून ११ वाजून २० मिनिटांनी पोचल्याचं छापलेलं असतं. परतीच्या तिकिटावर तर ९ ला निघून ९ वाजून २० मिनिटांनी पोचणार! मुलीकडे किंवा जावयाकडे लंडनला जाऊन "जाता जाता पॅरिसही करून येऊ" म्हणणाऱ्यांचा इथेच गोंधळ उडतो.

हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. तुम्हाला मात्र त्यातला कामाचा कोणता ते कळायला हवं. शिवाय या दोन शहरांच्या मध्ये एक सरहद्द आहे. ती किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, पण तुमचा वेळ आणि पैसा सगळ्यात जास्त खाते तीच.

आधी अंतराचा घोळ मिटवू

- सरळ रेषेत: लंडन ते पॅरिस, शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत, सुमारे ३४४ किलोमीटर. हीथ्रो ते शार्ल द गोल या विमानतळांमधलं अंतर थोडं जास्त, ३४८ च्या आसपास.
- २१६ हा आकडा मैलांचा आहे. विमानाचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर तर सागरी मैलांत १८८ च्या आसपास दिसेल, कारण एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.
- रस्त्याने: साधारण ४५५ ते ४६० किलोमीटर. त्यात खाडी ओलांडण्यासाठी बोट किंवा गाड्या वाहून नेणारी रेल्वे आलीच.
- रेल्वेने: सुमारे ४९० किलोमीटर. अंतर सगळ्यात जास्त, पण दारापासून दारापर्यंत बहुतेकदा हीच सगळ्यात लवकर पोचवते.

सहल आखताना यातला एकही आकडा फारसा उपयोगी नाही. सरळ रेषेतलं अंतर मात्र लक्षात ठेवा, कारण विमान रखडलं किंवा रद्द झालं तर भरपाई त्यावरूनच ठरते. त्याबद्दल पुढे येईलच.

तिकिटावरची वेळ कशी वाचायची

विमानाच्या तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे, उन्हाळ्यातही आणि हिवाळ्यातही, कारण दोन्ही देश मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी घड्याळं हलवतात. म्हणून जाताना ९:०० ते ११:२० दिसलं तर प्रवास एक तास वीस मिनिटांचा, आणि येताना ९:०० ते ९:२० दिसलं तरी प्रवास तेवढाच. रेल्वेच्या तिकिटालाही हाच हिशोब लागू.

घरी फोन करण्यासाठी: लंडन आपल्या मागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. पॅरिस अनुक्रमे साडेचार आणि साडेतीन.

आता हा एक तास वीस मिनिटांचा काळ कुठून कुठपर्यंत? विमान फाटकापासून मागे सरकतं तिथपासून दुसऱ्या फाटकाला लागेपर्यंत. प्रत्यक्ष हवेत ते पन्नास मिनिटं ते तासभरच असतं. उरलेला वेळ धावपट्टीकडे जाण्यात, रांगेत थांबण्यात आणि उतरल्यावर फाटक शोधण्यात जातो. लंडनकडे येताना हीथ्रोवर गर्दी असेल तर उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानं आकाशातच घिरट्या घालतात. खिडकीतून तेच गाव दुसऱ्यांदा दिसलं तर घाबरू नका. कंपन्या हा वेळ वेळापत्रकात आधीच धरून ठेवतात.

कोणत्याही दोन युरोपीय शहरांसाठी एक ढोबळ हिशोब सांगतो. सरळ रेषेतलं अंतर ताशी ८०० किलोमीटरने भागा आणि त्यात पाऊण तास मिळवा. पॅरिस–रोम सुमारे ११०० किलोमीटर, म्हणजे दोन तास पाच-दहा मिनिटं. लंडन–अथेन्स सुमारे २४००, म्हणजे पावणेचार तास. तिकिटावर जवळपास तेवढंच दिसेल.

खरा हिशोब: दारापासून दारापर्यंत

समजा, तुमचा मुक्काम मध्य लंडनमध्ये पॅडिंग्टनजवळ आहे आणि पॅरिसमध्ये गार दु नोर स्टेशनच्या परिसरात. सकाळी ७ वाजता बॅगा घेऊन हॉटेलातून बाहेर पडलात.

विमानाने:
- हॉटेल ते हीथ्रो: ५० मिनिटं
- बॅग देणं, सुरक्षा तपासणी, फाटकापर्यंतची चाल: २ तास
- विमान: १ तास २० मिनिटं
- उतरणं, इमिग्रेशन, बॅगेची वाट: १ तास
- आरईआर ब गाडीने शहरात: वाट पाहण्यासकट ५० मिनिटं
- एकूण ६ तास. पॅरिसच्या घड्याळात दुपारचे २.

युरोस्टार रेल्वेने:
- हॉटेल ते सेंट पँक्रस स्टेशन: अर्धा तास
- तपासणी आणि इमिग्रेशन: सव्वा तास
- गाडी: सुमारे २ तास २० मिनिटं
- स्टेशनाबाहेर पडणं: १० मिनिटं
- एकूण सव्वाचार तास. पॅरिसच्या घड्याळात सव्वाबारा.

पावणेदोन तासांचा फरक पडतो, आणि रेल्वेने गेलात तर जेवणाच्या वेळेला तुम्ही शहरात असता.

तरीही "विमान नकोच" असा सरसकट सल्ला मी देणार नाही. मुक्काम हाउन्स्लो किंवा स्लाउसारख्या, हीथ्रोला खेटून असलेल्या भागात असेल, आणि आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांचे नातेवाईक तिथेच राहतात, तर चित्र बदलतं. हाउन्स्लोहून हीथ्रो वीस-पंचवीस मिनिटांत, पण सेंट पँक्रसला जायला सव्वा तास. मग फरक अर्ध्या-पाऊण तासावर येतो आणि निर्णय तिकिटाच्या दरावर सोडायला हरकत नाही.

विमान सोयीचं पडतं असं आणखी एक ठिकाण म्हणजे डिस्नेलँड. लंडनहून तिथे थेट जाणारी युरोस्टार २०२३ मध्ये बंद झाली. मुलांना घेऊन थेट तिथेच जायचं असेल तर शार्ल द गोलला उतरा. विमानतळाच्या आतल्याच स्टेशनावरून वेगवान गाडीने डिस्नेलँडच्या दारातलं मार्न-ला-व्हॅले शेसी हे स्टेशन सुमारे दहा मिनिटांवर आहे. पॅरिस शहरातून तिथे आरईआर अ गाडीने चाळीसेक मिनिटं लागतात.

बसबद्दल थोडक्यात: व्हिक्टोरिया कोच स्टेशनहून रात्रीच्या बसने आठ ते दहा तास. स्वस्त आहे, विद्यार्थ्यांना चालते. मध्यरात्री झोपेतून उठून, खाली उतरून पासपोर्ट दाखवावा लागतो. साठीच्या पुढच्यांनी या वाटेला जाऊ नये.

विमानतळाचं नाव वाचल्याशिवाय पैसे भरू नका

तिकीट शोधताना "लंडन, सर्व विमानतळ" असा पर्याय येतो. त्यात हीथ्रो, गॅटविक, ल्युटन, स्टॅनस्टेड, सिटी आणि साउथएंड असे सहा विमानतळ धरलेले असतात. ल्युटन आणि स्टॅनस्टेड शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरवर आहेत. तिकिटात वाचलेले वीस पौंड तिथवर जाण्याच्या गाडीभाड्यात जातात, आणि पहाटेचं विमान असेल तर टॅक्सीला त्याहून जास्त.

पॅरिसच्या बाजूला:

- शार्ल द गोल: सर्वांत मोठा. आरईआर गाडीची इथे दोन स्टेशनं आहेत, टर्मिनल १ व ३ साठी एक आणि टर्मिनल २ साठी दुसरं. चुकलात तर टर्मिनलांना जोडणारी फुकट गाडी आहे, पण वेळ जातो.
- ओर्ली: दक्षिणेला, शहराला जवळ. जून २०२४ पासून मेट्रोची १४ क्रमांकाची लाइन थेट विमानतळापर्यंत जाते, त्यामुळे पूर्वीसारखी बसची अदलाबदल उरलेली नाही.
- बोव्हे: नावापुढे "पॅरिस" असतं, पण शहर ऐंशीएक किलोमीटरवर. बसने सव्वा ते दीड तास.

हा नावाचा खेळ युरोपभर चालतो. "फ्रँकफुर्ट हान" फ्रँकफुर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, "स्टॉकहोम स्कावस्ता" शंभरच्या आसपास. नकाशावर बोट ठेवून बघा आणि मगच कार्डाचा नंबर टाका.

व्हिसा: इथे सहल अडकते

ब्रिटन शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कधीच नव्हता. म्हणजे लंडन आणि पॅरिस या दोन शहरांसाठी भारतीय पासपोर्टवर दोन वेगळे व्हिसा लागतात, ब्रिटनचा पर्यटक व्हिसा आणि शेंगेन व्हिसा. ब्रिटनचा व्हिसा आहे म्हणून एका दिवसासाठी पॅरिसला जाता येईल, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. येणार नाही. स्टेशनवरूनच परत पाठवतील.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे प्रवेशांची संख्या. शेंगेन व्हिसावर एकच प्रवेश लिहिलेला असेल तर त्या भागातून एकदा बाहेर पडलात की तो संपला, मुदत शिल्लक असली तरी. पुढचे तीन क्रम पाहा:

1. मुंबई – लंडन – पॅरिस – स्वित्झर्लंड – मुंबई. शेंगेनमध्ये एकदाच शिरता. एका प्रवेशाचा व्हिसा पुरतो.
2. मुंबई – पॅरिस – अ‍ॅमस्टरडॅम – लंडन – मुंबई. हेही चालतं.
3. मुंबई – पॅरिस – लंडन – अ‍ॅमस्टरडॅम – मुंबई. इथे शेंगेनमध्ये दोनदा शिरता. दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा. नसेल तर लंडनला अडकाल, आणि परतीचं विमान अ‍ॅमस्टरडॅमहून!

लंडनला जाताना वाटेत पॅरिसला किंवा फ्रँकफुर्टला विमान बदलणार असाल आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर बॅग घेण्यासाठी इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागू शकतं. तोही एक प्रवेश धरला जातो.

अर्ज भरताना एवढं पाहा:

- शेंगेन व्हिसासाठी अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम आहे त्याच देशाकडे करायचा. मुक्काम सारखाच असेल तर जिथे आधी शिरणार त्या देशाकडे.
- प्रवेशांची गरज अर्जात आणि सहलीच्या तपशिलात स्पष्ट दाखवा. क्रम ३ सारखा असेल तर लंडनचं येण्या-जाण्याचं आरक्षण जोडा.
- पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा.
- प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा.
- व्हिसा हातात पडल्यावर तो तिथेच वाचा: तारखा, मुक्कामाचे दिवस, प्रवेश. एजंटवर विसंबू नका. चूक दुरुस्त करायला वेळ इथे मिळतो, सेंट पँक्रसच्या रांगेत नाही.

सेंट पँक्रसला काय होतं

पहिल्यांदा जाणाऱ्यांना चकित करणारी बाब म्हणजे फ्रान्सची सरहद्द लंडनच्या स्टेशनातच ओलांडावी लागते. दोन्ही देशांच्या करारानुसार फ्रेंच सीमा पोलीस सेंट पँक्रसला बसतात, आणि येताना ब्रिटिश अधिकारी गार दु नोरला. त्यामुळे पॅरिसला उतरल्यावर कुठलीही रांग नाही, फलाटावरून थेट रस्त्यावर. हा मोठा फायदा आहे, पण त्याची किंमत निघण्याआधी मोजायची असते.

क्रम असा: तिकीट फाटकावर दाखवायचं, मग बॅगांची क्ष-किरण तपासणी, मग लागोपाठ पासपोर्टचे टप्पे, आणि मग प्रतीक्षालय. साध्या डब्याच्या तिकिटासाठी फाटक गाडी सुटण्याच्या तीस मिनिटं आधी बंद होतं. मुंबई सेंट्रलला धावत जाऊन गाडी पकडण्याची आपली सवय इथे कामाला येत नाही. फलाटाकडे जाणारा सरकता जिना गाडी सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधी खुला होतो, तोवर बसायला जागा मिळाली तर नशीब.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहऱ्याची आणि प्रवासाची नोंद संगणकात होते. पहिल्या खेपेला यात वेळ जातो. म्हणून सव्वा तास आधी पोचा, आणि सोबत वृद्ध किंवा लहान मुलं असतील तर दीड तास.

बॅगांचा नियम उदार आहे: ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक हातातली लहान पिशवी. वजनकाटा नाही, पण उचलायच्या तुम्हालाच. हमाल नसतात. पाण्याच्या बाटलीवर, तेलाच्या शिशीवर विमानासारखी १०० मिलिलिटरची मर्यादा नाही. फळं कापायला घेतलेली सुरी मात्र अडवली जाऊ शकते.

आणि खाऊचं. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. चकली, भडंग, शेंगदाण्याची चटणी न्या. पेढे, बर्फी, पनीर लंडनमध्येच संपवा.

ही गाडी समुद्राखालच्या ज्या बोगद्यातून जाते, त्याबद्दल उगाच अपेक्षा ठेवू नका. ५० किलोमीटरचा हा बोगदा १९९४ मध्ये सुरू झाला. त्यातले ३८ किलोमीटर समुद्रतळाखाली आहेत, आणि खिडकीतून वीस मिनिटं फक्त काळोख दिसतो. मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर मासे कुठे आहेत म्हणून विचारत राहतील.

तिकीट काढताना

*जाताना एका शहरात, येताना दुसऱ्या शहरातून.* मुंबई–लंडन आणि पॅरिस–मुंबई असं एकाच आरक्षणात काढा. संकेतस्थळावर "अनेक शहरं" हा पर्याय असतो. पुन्हा लंडनला परतण्याचा खर्च आणि अर्धा दिवस वाचतो. शिवाय लंडनहून लांब पल्ल्याच्या विमानावर ब्रिटनचा प्रवासी कर साध्या वर्गातही नव्वद-शंभर पौंडांच्या घरात जातो. कर फ्रान्सही घेतो, पण त्याहून कमी. चार जणांच्या कुटुंबाला हा फरक जाणवतो.

*तिकिटातला पहिला टप्पा सोडू नका.* समजा, तुमचं परतीचं तिकीट लंडन–पॅरिस–मुंबई असं आहे. तुम्ही विचार करता, दोन दिवस आधी रेल्वेने पॅरिसला जाऊ आणि तिथूनच पुढच्या विमानात बसू. असं केलंत तर लंडनच्या विमानात तुम्ही आला नाहीत म्हणून पुढचा टप्पाही बहुतेक कंपन्या रद्द करतात. पॅरिसच्या काउंटरवर हुज्जत घालून फारसं काही हाती लागत नाही. आधी कंपनीला कळवून तिकीट बदलून घ्या.

*युरोस्टारचं तिकीट लवकर काढा.* आधी काढल्यास पन्नासेक पौंडांच्या आसपास मिळू शकतं, ऐनवेळी तेच दोनशेच्या पुढे जातं. मंगळवार-बुधवारच्या दुपारच्या गाड्या शुक्रवार संध्याकाळपेक्षा स्वस्त असतात. व्हिसा यायच्या आधी काढणार असाल तर बदलाच्या अटी नीट वाचा.

*स्वस्त विमानाची बॅग मोजा.* ईझीजेटच्या मूळ दरात फक्त ४५ × ३६ × २० सेंटिमीटरची, आसनाखाली मावणारी पिशवी येते. मुंबईहून नेलेल्या २३ किलोच्या बॅगेचे पैसे वेगळे, आणि ते आधी ऑनलाइन भरले तर कमी, विमानतळावर भरले तर बरेच जास्त. तिकीट आणि बॅग मिळून आकडा मांडा, मग रेल्वेशी तुलना करा. काही स्वस्त कंपन्या युरोपबाहेरच्या पासपोर्टधारकांना सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर व्हिसा दाखवायला लावतात. मोबाइलवर बोर्डिंग पास आला म्हणून थेट आत जाऊ नका, त्यावरची सूचना वाचा.

उशीर झाला, रद्द झालं: तुमचे हक्क

या बाबतीत आपले लोक फार लवकर गप्प बसतात. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आणि ब्रिटनने त्याच धर्तीवर ठेवलेला स्वतःचा नियम प्रवाशाचा पासपोर्ट कुठला हे विचारत नाहीत. भारतीय प्रवाशालाही तेवढेच हक्क.

विमान मुक्कामी तीन तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोचलं, किंवा चौदा दिवसांपेक्षा कमी मुदतीत रद्द झाल्याचं कळवलं, आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर साधारणपणे अशी रोख भरपाई:

- १५०० किलोमीटरपर्यंत: २५० युरो, ब्रिटनच्या नियमात २२० पौंड
- १५०० ते ३५००: ४०० युरो, ३५० पौंड
- ३५०० च्या वर: ६०० युरो, ५२० पौंड (उशीर तीन ते चार तासांचा असेल तर निम्मी)

लंडनहून पॅरिसला निघालात तर ब्रिटनचा नियम, पॅरिसहून लंडनला निघालात तर युरोपचा. अंतर सरळ रेषेतलं धरतात. एकाच आरक्षणात विमान बदलून जात असाल तर पहिल्या विमानतळापासून शेवटच्या मुक्कामापर्यंतचं, मधला वळसा सोडून. म्हणजे लंडन–पॅरिस–मुंबई अशा तिकिटात पॅरिसचं छोटं विमान रखडून मुंबईला चार तासांहून जास्त उशिरा पोचलात, तर मोजणी ३४८ किलोमीटरची होत नाही, लंडन–मुंबईची होते. त्यासाठी ५२० पौंडांचा दावा बसतो.

भारतातून जाणाऱ्यांसाठी यातली मेख अशी:

- पॅरिसहून किंवा लंडनहून निघणारं विमान कुठल्याही कंपनीचं असो, एअर इंडियाचंसुद्धा, नियम लागू.
- भारतातून युरोपला जाणारं विमान युरोपीय कंपनीचं असेल तरच लागू. दिल्ली–पॅरिस एअर इंडियाने गेलात तर नाही, मुंबई–पॅरिस एअर फ्रान्सने गेलात तर हो.

वादळ, बर्फ, विमान वाहतूक नियंत्रकांचा संप ही कारणं कंपनीच्या हाताबाहेरची मानली जातात आणि भरपाई मिळत नाही. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र त्यात बसत नाही, असं युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे. काउंटरवर "टेक्निकल" म्हणाले की आपण मान डोलावतो. तसं करू नका.

आणि कारण काहीही असो, वादळ असलं तरी, या गोष्टी द्याव्याच लागतात:

- लंडन–पॅरिससारख्या अंतरावर दोन तासांच्या उशिरानंतर खाणंपिणं
- रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तिथवरची ने-आण
- विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसऱ्या मार्गाने पोचवणं, यातली निवड तुमची
- पाच तासांहून जास्त रखडलं आणि जायचंच नसेल तर तिकिटाचे पैसे परत

व्हाउचर पुढे केलं तर घेण्याची सक्ती नाही, रोख मागा. बोर्डिंग पास, उशिराची पाटी आणि खर्चाच्या पावत्या यांचे फोटो तिथल्या तिथे काढून ठेवा. मुक्कामी विमानाचं दार उघडलं ती वेळ टिपा, कारण उशीर तिथपर्यंत मोजतात. घरी आल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावरचा फॉर्म स्वतः भरा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि मध्यस्थ कंपन्या त्यासाठी भरपाईतला मोठा वाटा कापतात. इंग्लंडमध्ये दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो, पण तोवर पावत्या कुठे सापडणार? आठवड्याभरात उरका. युरोपात या नियमांत बदल करण्यावर चर्चा चालू आहे, तेव्हा दावा करण्याआधी युरोपीय संघाच्या अधिकृत पानावर चालू आकडे पाहून घ्या.

रेल्वेचा नियम साधा आहे. तासभर ते दोन तासांच्या आत उशीर झाला तर तिकिटाचे किमान २५ टक्के, दोन तास किंवा अधिक झाला तर ५० टक्के परत.

बाकीच्या जोड्या

हाच हिशोब दुसऱ्या शहरांना लावायचा तर माझी मोजपट्टी अशी: रेल्वेला चार तासांपर्यंत लागत असतील तर रेल्वे, सहाच्या वर गेलं तर विमान, मधल्या पट्ट्यात तिकिटाचा दर आणि गुडघे पाहून ठरवा.

- पॅरिस–अ‍ॅमस्टरडॅम: रेल्वेने सुमारे ३ तास २० मिनिटं. विमानाचा विचारही नको.
- माद्रिद–बार्सिलोना: अडीच तास. रेल्वे.
- रोम–मिलान: तीन तासांच्या थोडं वर. रेल्वे.
- पॅरिस–झ्युरिक: चार तास. रेल्वे, शिवाय शेंगेनमध्येच असल्याने पासपोर्टची रांग नाही. पासपोर्ट जवळ मात्र हवाच, वाटेत तपासणी होऊ शकते.
- पॅरिस–बार्सिलोना: पावणेसात-सात तास. दक्षिण फ्रान्सचा किनारा पाहायची हौस असेल तर रेल्वे, नाहीतर विमान.
- पॅरिस–रोम: विमान. रेल्वेने गाडी बदलत पूर्ण दिवस जातो.
- लंडन–अथेन्स: विमान, आणि शक्यतो हीथ्रो किंवा गॅटविकहून.

शेवटचं एक काम आज करता येण्यासारखं आहे. सहलीतली शहरं ज्या क्रमाने लिहिली आहेत तो कागद काढा आणि प्रत्येक वेळी शेंगेनमध्ये शिरताना तिथे एक टिंब द्या. दोन टिंबं आली तर व्हिसाच्या अर्जाआधी क्रम बदला. तो जमला की मगच लंडन–पॅरिसच्या तिकिटाचे दर बघायला बसा.